बरोबर, रास्त आणि हक्क

इंग्रजीतला 'राइट' आता मराठीच झाला आहे. धुळ्यात रिक्षावाल्याला आपण 'पुढून राइट घ्या' म्हणतो, मुलाच्या वहीत बाईंनी राइटची खूण केली का ते बघतो, आणि भांडण पेटलं की 'तो माझा राइट आहे' असं ठणकावून सांगतो. दिशा, अचूकपणा आणि हक्क या तिन्ही गोष्टी त्या एका शब्दात मावतात. ही सोय आहे, तसाच घोटाळाही. कारण 'मला राइट आहे' इथून निघालेला माणूस 'म्हणजे मी राइट आहे' इथवर कधी पोचतो, ते त्याचं त्यालाही कळत नाही.

मराठीत ही कामं वेगवेगळ्या शब्दांकडे आहेत. 'उजवा' संस्कृत 'ऋजु'पासून आला, म्हणजे सरळ. 'रास्त' फारसीतून आला. त्याचाही अर्थ सरळ, खरा, आणि फारसीत उजव्या बाजूलाही रास्तच म्हणतात. 'हक्क' अरबी आहे आणि तिथे त्याचा एक अर्थ सत्य असा आहे. 'बरोबर' पुन्हा फारसी, म्हणजे छातीला छाती भिडवून, समान उंचीवर. म्हणून मराठीत अचूक ते बरोबर, समान ते बरोबरीचं आणि सोबत असतो तोही बरोबरच.

शब्द वेगळे असले की प्रश्नही वेगळे विचारता येतात. रावेर-यावलकडे केळीचा भाव रोज जाहीर होतो. बोर्डावरचा भाव एक आणि हातात पडतो तो दुसरा, ही तिथली जुनी तक्रार. काटा बरोबर असतो, गुणाकार बरोबर असतो, पट्टीवरची बेरीजही बरोबर असते. तरी शेतकरी म्हणतो, 'हिशोब बराबर शे, पण भाव रास्त नाही.' त्याच्या बोलण्यात विसंगती नाही. हिशोबाची चूक दाखवता येत नाही, एवढ्यावरून व्यवहार न्याय्य ठरत नाही.

याची दुसरी बाजू साने गुरुजींकडे दिसते. अमळनेरच्या शाळेतले हे शिक्षक १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात होते. विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि गुरुजी ते उतरवून घेत. 'गीता प्रवचने' हे पुस्तक त्यातूनच झालं. सरकारच्या कायद्याने बोलणारा आणि लिहिणारा दोघेही गुन्हेगार होते. पुढे १ ते १० मे १९४७ या काळात, विठ्ठलाचं दार अस्पृश्य मानलेल्यांना उघडावं म्हणून, गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं. मंदिरावर बडव्यांचे वंशपरंपरेचे हक्क होते आणि ते खोटे नव्हते. गुरुजींचा प्रश्न निराळा होता: हक्क तुमचा असेल, पण तो असा वापरणं रास्त आहे का?

पंढरपूरच्या बाबतीत आज आपण सगळे गुरुजींच्या बाजूचे असतो. आपल्या घरात हाच प्रश्न आला की अवघड होतं. मराठीत लेकीचं लग्न लावून देण्याला 'उजवणं' म्हणतात. लेक उजवली, की जमिनीच्या गोष्टीतून तिचं नाव हळूहळू पुसट होतं. कायद्यात तसं नाही. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने तिला वडिलांच्या मालमत्तेत वारस केलं. वडिलोपार्जित मालमत्तेत तिला जन्मानेच मुलाएवढा वाटा मिळावा म्हणून महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली दुरुस्ती केली. ११ ऑगस्ट २०२०च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मसिद्ध असल्याचं पुन्हा स्पष्ट केलं.

आमच्या दोन्ही आत्यांनी हक्कसोड पत्रावर सह्या केल्या. नोंदणी झाली, सातबाऱ्यावरून त्यांची नावं कमी झाली. धाकद्पटशा कुणी केला नव्हता. कागदावर राजीखुशीने असं लिहिलं होतं आणि ते खोटं होतं असंही मी म्हणणार नाही. मोठी आत्या एवढंच म्हणाली, 'आखाजीला यायला घर राहायला पाहिजे ना बाई.' खान्देशात आखाजी हा माहेरवाशिणीचा सण. झोका, सांजोऱ्या, गौराईची गाणी. आत्याने शेताच्या मोबदल्यात काही घेतलं नाही असं सगळे सांगतात. मला वाटतं, तिने माहेर विकत घेतलं. जे तिचं होतंच, ते.

हक्क तिचा होता, म्हणून तो सोडण्याचा हक्कही तिचाच होता. काकांना ती सही मागण्याचीही मोकळीक होती. घरातल्या कुणालाही विचारा, 'बरोबरच झालं' असं उत्तर येतं. काका वाईट नाहीत. आत्याच्या आजारपणात पहिले धावले ते तेच. त्यामुळे कुणाला दोषी ठरवून हा प्रश्न सुटत नाही. पण ज्या घरात भावाला माहेर-सासर असं काही गमवावं लागत नाही आणि बहिणीला नकार दिला तर सणाला येणंच गमवावं लागेल अशी भीती असते, तिथे दोघांची राजीखुशी एका मापाची नसते.

कायदा सही खरी आहे का आणि ती धाकाने किंवा फसवून घेतलेली नाही ना, एवढंच बघू शकतो. त्याच्याकडून त्याहून जास्त अपेक्षा नाही. पुढचं घराने बघायचं असतं, आणि त्यासाठी 'बरोबर' हा शब्दच पुरेसा आहे, फक्त तो पूर्ण अर्थाने वापरायला हवा. सही करताना ती भावाच्या बरोबरीने उभी होती का? नाही म्हटल्यावरही आखाजीला तिच्यासाठी झोका बांधला गेला असता का? याचं उत्तर छातीवर हात ठेवून 'हो' असं देता येत असेल, तर ते हक्कसोड पत्र रास्त आहे. देता येत नसेल, तर कागद बरोबर आहे, एवढंच म्हणावं.