लाकडाचा नियम आणि विटाळाचा नियम



धम्मदीक्षा घेतलेल्या प्रत्येक घरात एक प्रश्न आज ना उद्या उभा राहतोच. देव्हारा उतरवला, नवस-सायास सोडले, बावीस प्रतिज्ञा घेतल्या. तरी आजीच्या तोंडचे शंभर नियम घरात तसेच उरतात. हे शिवू नये, ते ओलांडू नये, अमुक दिवशी झाड तोडू नये. यांतले कोणते पाळायचे आणि कोणते टाकायचे? काही जण म्हणतात, जुने ते सगळेच जाळून टाका. काही जण म्हणतात, वाडवडील काय वेडे होते? दोन्ही पक्षांना विचाराचे कष्ट टाळायचे आहेत, असे मला वाटते. तो विचार कसा करावा हे समजावे म्हणून एका दूरदेशीच्या माणसाची आणि त्याच्या धनुष्याची हकीकत आपल्यापुढे मांडतो.

कोणी विचारील, धम्माच्या पाक्षिकात धनुष्य कशाला? शस्त्रांचा व्यापार तर तथागतांनी उपासकाला निषिद्ध सांगितला आहे. ही शंका रास्त आहे. परंतु आपल्याला धनुष्य विकायचे नाही, की कोणावर रोखायचेही नाही. ते घडवणाऱ्या हाताची शिस्त तेवढी पाहायची आहे. बाण सरळ करणारा कारागीर आणि लाकूड घडवणारा सुतार यांचे दाखले धम्मपदात मनाच्या शिस्तीसाठीच आले आहेत. तेव्हा कारागिराच्या दारात जाऊन शिकण्यात कमीपणा नाही.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात १८४८ साली सोने सापडले आणि गोऱ्या वसाहतवाल्यांची तिकडे रीघ लागली. तेथील मूळ रहिवाशांच्या कित्येक जमाती त्यानंतर कापल्या गेल्या. याही ही त्यांपैकी एक. तिच्यातला उरलेला एक माणूस ऑगस्ट १९११ मध्ये ओरोव्हिल गावाजवळ उपाशी आणि एकटा सापडला. त्याला सॅन फ्रान्सिस्को येथे विद्यापीठाच्या संग्रहालयात नेऊन ठेवण्यात आले. आपले नाव त्याने कोणाला सांगितले नाही, म्हणून त्याला इशी म्हणू लागले. त्याच्या भाषासमूहात या शब्दाचा अर्थ ‘माणूस’. ज्याच्या सगळ्या जमातीला माणूस म्हणून जगू दिले नाही, त्याला शेवटी ‘माणूस’ हे नाव मिळाले! मार्च १९१६ मध्ये तो क्षयाने वारला. तत्पूर्वी सॅक्स्टन पोप नावाच्या डॉक्टराने त्याच्याजवळ बसून धनुष्य करण्याची विद्या शिकून घेतली आणि ती लिहून ठेवली. म्हणून ती आज आपल्याला ठाऊक आहे.

इशी डोंगरातल्या ज्युनिपर झाडाची फांदी घेई. ती उभी फोडून तिच्या बाहेरच्या अंगाचे लाकूड तो धनुष्यासाठी निवडी. ते खरवडून आणि वाळूच्या दगडावर घासून त्याला आकार देई. टोके तापलेल्या दगडावर वाकवी. मग ते लाकूड दुसऱ्या काठीला बांधून अंधाऱ्या, कोरड्या जागी मुरत ठेवी. कधी काही महिने, तर कधी काही वर्षे. पुढे हरणाच्या पायातल्या शिरा चघळून मऊ करून माशाच्या कातडीच्या सरसाने धनुष्याच्या पाठीवर चिकटवी. सुमारे साडेतीन फुटांचे ते धनुष्य. पण ते हाती येईपर्यंत केवढा हा धीर!

हा धीर कशासाठी, हे आज आपल्याला नीट सांगता येते. ओल्या लाकडात पाणी भरलेले असते. ते वाळू लागले की बाहेरचा भाग आधी सुकतो आणि आखडतो. आतला अजून ओलाच असतो. त्या ओढाताणीत लाकूड तडकते. लाकूड वर्तुळाच्या दिशेने जितके आखडते, त्याच्या सुमारे निम्मेच ते गाभ्याकडे आखडते. म्हणूनही भेगा पडतात. टोकांकडून पाणी सर्वांत लवकर जाते, म्हणून कारागीर टोकांना मेण किंवा सरस लावतात. उन्हात टाकायचे नाही, मातीवर ठेवायचे नाही, वारा खेळेल अशा सावलीत जमिनीपासून उचलून ठेवायचे. एक इंच जाडीला एक वर्ष, असा सुतारांचा ढोबळ हिशेब आहे. ओलावा दहा टक्क्यांच्या आसपास आला की लाकूड धनुष्याजोगे झाले. त्याआधी वाकवाल तर ते वाकलेलेच राहील. मूळ जागी परतणार नाही.

लाकूड करवतीने न कापता पाचर मारून फोडायचे, यालाही कारण आहे. करवत आपल्या सोयीने सरळ जाते आणि वाटेत तंतू कापते. पाचरेची चीर मात्र तंतूंच्या बाजूने धावते. दोरी ओढली की धनुष्याची पाठ ताणली जाते आणि पोट दाबले जाते. पाठीवरचा तंतू जेथे तुटलेला असेल तेथेच धनुष्य मोडणार.

इशीचे आणखीही काही नियम होते. काम नसताना धनुष्य उभे करून ठेवू नये, आडवे ठेवावे; उभे ठेवले तर त्याला घाम फुटतो आणि ते दमते, असे तो म्हणे. लहान मुलाने धनुष्य ओलांडू नये; ओलांडले तर बाण वाकडा जातो. आणि बाईचा हात धनुष्याला लागू नये; लागला तर ते बाटले, ते वाळू आणि पाण्याने धुतले पाहिजे.

वाचकहो, येथे थांबा. शेवटचा नियम ऐकताना आपल्या अंगावर काटा येतो की नाही? ‘बाटले’ आणि ‘धुतले पाहिजे’ हे दोन शब्द आपल्या आईबापांनी जन्मभर ऐकले आहेत. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि त्यानंतर तेथल्या सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून ते तळे ‘शुद्ध’ केले. समुद्रापलीकडचा एक निष्पाप, लुटला गेलेला माणूस आणि महाडचे सनातनी यांना मी एका पारड्यात घालत नाही. इशीने कोणाचे पाणी तोडले नव्हते. परंतु विचाराची चूक तीच आहे, आणि ती पीडिताच्या घरातही राहू शकते, हे आपण डोळ्यांआड करता कामा नये.

मग इशीच्या एकाच तोंडून आलेल्या या नियमांची निवड कशी करायची? मी दोन प्रश्न सुचवतो.

पहिला प्रश्न : नियम मोडला तर शिक्षा कोण करते? ओले लाकूड उन्हात टाकले तर लाकूडच शिक्षा करते, ते तडकते. तेथे पंच लागत नाहीत, पुरोहित लागत नाही. दुसरा प्रश्न : ही शिक्षा सर्वांना सारखी आहे काय? राजाने टाकले तरी लाकूड तडकते, भिकाऱ्याने टाकले तरी तडकते; ते जात विचारीत नाही, बाई-पुरुष पाहत नाही. हा लाकडाचा नियम. विटाळाच्या नियमाचे उलट आहे. तोच हात, तेच बोट, तोच घाम. पण तो अमक्याचा असेल तर वस्तू बाटते, तमक्याचा असेल तर पवित्र होते. आणि ती बाटली हे वस्तू कधीच सांगत नाही. शेजारचा माणूस सांगतो.

यावर कोणी म्हणेल, इशीच्या मते धनुष्यही शिक्षा करीत होते. बाण वाकडा जात होता. ठीक आहे. मग तपासून पाहू. केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी हीच वाट दाखवली : परंपरेने आले म्हणून स्वीकारू नका, गुरू सांगतो म्हणून स्वीकारू नका, स्वतः पारखा. इशी जगापुढे आला त्याच्या तीन वर्षे आधी, १९०८ साली, लंडनच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रिया धनुर्विद्येच्या स्पर्धेत उतरल्या होत्या. ती धनुष्ये लाकडाचीच होती. झारखंडची दीपिका कुमारी लहानपणी बांबूच्या धनुष्यावर शिकली आणि २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने सुवर्णपदक मिळवले. जम्मू-काश्मीरच्या किश्तवाड जिल्ह्यातील शीतल देवी हिला दोन्ही हात नाहीत. ती पायाने धनुष्य धरते. २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये तिने आपल्या जोडीदाराबरोबर कांस्यपदक जिंकले. तिचे धनुष्य नव्या तऱ्हेचे आहे हे खरे. पण स्त्रीचा पाय लागला म्हणून तिचा बाण वाकडा गेला नाही, हेही तितकेच खरे. विटाळाचा नियम परीक्षेत नापास झाला. लाकूड सावलीत वाळवण्याचा नियम मात्र आजही पास होतो.

आता आपल्या स्वयंपाकघरात या. लोणच्याच्या बरणीत ओला हात घालू नये, असे आजी सांगते. हा लाकडाच्या जातीचा नियम आहे. पाणी गेले की बुरशी येते, मग हात कोणाचाही असो. हा नियम पाळा आणि सुनेला-लेकीला कारणासह शिकवा. पण तीच आजी म्हणते, बाजूला बसलेल्या मुलीने बरणीला शिवू नये, लोणचे नासते. हा विटाळाचा नियम आहे. दोन बरण्या घ्या, एकीतले लोणचे त्या मुलीला कोरड्या हाताने काढू द्या, महिनाभर पाहा. बरणीच उत्तर देईल.

आणि बरणीहून मोठी गोष्ट त्या मुलीची आहे. जी मुलगी महिन्याचे चार दिवस आपल्याच घरात अस्पृश्य होते, तिला आपण समतेचा धम्म कोणत्या तोंडाने सांगणार? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास लाखो माणसांनी जो विटाळ झुगारला, तो घराच्या एका कोपऱ्यात आपणच जपून ठेवायचा काय? वस्तीबाहेरची शिवाशिव अन्याय, आणि उंबऱ्याआतली शिवाशिव रीतभात, असे होऊ शकत नाही.

काही नियम मात्र चटकन कोणत्याच बाजूला बसत नाहीत. सातपुड्यातील भिल्ल बांधव बांबूचे धनुष्य करतात. त्याची दोरीही बांबूच्या चिवट कांबीची असते. बांबू केव्हा तोडावा याविषयी आपल्या खेड्यांत सांगतात की विशिष्ट ऋतूत आणि अंधाऱ्या पंधरवड्यात तोडावा, म्हणजे कीड लागत नाही. यातला ऋतूचा भाग खरा आहे. बांबूतील पिष्ट ऋतूप्रमाणे कमी-जास्त होते आणि कीड त्या पिष्टावरच येते. तोडलेला बांबू पाण्यात बुडवून ठेवण्याची रीतही ते पिष्ट धुऊन जावे म्हणूनच उपयोगी पडते. चंद्राचा भाग वेगळा काढून तपासला पाहिजे. तोवर तो मानण्याची घाई नको, त्याची टिंगलही नको. अडाणी माणसाने सांगितले एवढ्यावरून गोष्ट खोटी ठरत नाही; शिकलेल्याने सांगितले एवढ्यावरून खरी ठरत नाही. याहींना कापून काढणाऱ्यांनीही स्वतःला सुधारलेलेच म्हणवले होते.

म्हणून माझी विनंती एवढीच. येत्या रविवारी वंदना झाल्यावर घरातल्या सर्वांनी एकत्र बसावे. आजीला मध्यभागी मानाने बसवावे आणि तिचे नियम एकेक करून वहीत लिहून घ्यावेत. प्रत्येकापुढे दोन प्रश्न ठेवावेत : शिक्षा कोण करते? सर्वांना सारखी करते काय? जे वस्तूच्या स्वभावातून आले आहेत ते ठेवा. ते आपल्या माणसांच्या कष्टांची कमाई आहेत, त्यांना फेकू नका. जे माणसाला खाली बसवण्यासाठी आले आहेत त्यांवर काट मारा. ज्यांचे उत्तर मिळाले नाही त्यांपुढे प्रश्नचिन्ह करा आणि तपासायला लागा. काट मारण्याची पेन्सिल मात्र घरातल्या लेकीच्या हाती द्या. तिचा हात लागल्याने वही बाटणार नाही.

जय भीम.