वाल सोलणार कोण?

आमचे एक अर्थशास्त्री स्नेही आहेत. गेल्या हिवाळ्यात एका परिसंवादात त्यांनी जाहीर करून टाकलं की हंगामाप्रमाणे खाणं हा गच्ची असलेल्यांचा छंद आहे. शीतगृहं आणि ट्रक यांनी माणसाला ऋतूंच्या जाचातून सोडवलं; आता पुन्हा ते जोखड मानेवर कशाला घ्यायचं? टाळ्या पडल्या. नंतर पंगतीत या मुक्त पुरुषाने दोनदा मागून घेतलं ते वालाचं बिरडं!

म्हणून वालाबद्दलच बोलू. रायगडात भात कापून झालं की त्याच खाचरात वाल टाकतात. पंप नको, पाट नको. जमिनीत उरलेली ओल आणि पहाटेचं दव एवढ्यावर वेल फळाला येतो. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरतात, त्यातला काही पुढच्या भाताच्या वाट्याला येतो. कोवळ्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यात पोपटीच्या मडक्यात जातात, वाळलेला दाणा वर्षभराच्या डब्यात. शीतगृहाचा शोध लागण्याआधी साठवण नव्हतीच, असं मानणाऱ्यांनी एकदा कोकणातल्या घराची माडी पाहावी.

इथे मला श्री. अ. दाभोळकर आठवतात, मला ते नेहमीच आठवतात, वाचकांनी सोसावं. गणिताचा हा प्राध्यापक शेतीकडे वळला आणि प्रयोग करणाऱ्या शेतकऱ्यांचा 'प्रयोग परिवार' उभा राहिला. 'विपुलाच सृष्टी' लिहिणाऱ्या या माणसाने भाबडेपणाला कधी थारा दिला नाही. निसर्गाची आरती ओवाळण्यापेक्षा पानं मोजा, म्हणायचे. शेत म्हणजे ऊन पकडण्याची जागा. किती पानावर किती ऊन पडलं, त्याचं किती अन्न झालं, हा हिशेब त्यांनी द्राक्ष बागायतदारांना मांडायला लावला, आणि गच्चीवर पालापाचोळा, उसाचं चिपाड नि घरचा ओला कचरा कुजवणाऱ्या शहरी मंडळींनाही. शेतकरी स्वतःच प्रयोग करू शकतो, हे सांगायला त्यांना कुठल्या पदवीची गरज वाटली नाही. अर्थशास्त्री स्नेह्यांना उत्तर द्यायला दाभोळकर पुरेसे आहेत, असं मी धरून चाललो होतो.

पण त्या परिसंवादात मागच्या रांगेतून एका बाईंनी विचारलं, "वाल सोलणार कोण?" लोक हसले. आम्ही दोघांनीही उत्तर दिलं नाही.

उत्तर सोपं नव्हतंच. वाल रात्री भिजत घालायचे, सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकायचे आणि मग एकेक दाणा अंगठ्याने दाबायचा. डाळिंबी सटकन पुढे जाते, साल बोटाला चिकटते. जोर जास्त झाला की दोन फाका होतात, आणि अख्ख्या डाळिंब्यांचा मान गेला म्हणून घरात कोणीतरी नाक मुरडतंच. चार माणसांच्या उसळीत तास-पाऊण तास सहज जातो. दाभोळकरांचा हिशेब दाणा शेताबाहेर पडेपर्यंत चोख आहे. त्यापुढची बोटं कुणी मोजली नाहीत; आमच्या हंगामवाद्यांनी तर नाहीच. आम्ही पावसाच्या तोंडावर हौसेने शेवळांच्या जुड्या आणतो, त्यांची खाज मारणारी काकडं आणायला विसरतो आणि घशाला खाज सुटली की बायकोला विचारतो, नीट शिजली नव्हती का?

तेव्हा माझं भांडण आता थोडं सरकलं आहे. ट्रकने सोडवलं असेलच, तर ते ऋतूपासून नाही, सोलण्यापासून. आणि ज्या बाईला सोलावं लागत होतं तिने बारमाही फ्लॉवर जवळ केला, यात तिचं काय चुकलं? आमच्या गोटात बाजारातले सोललेले वाल घेणं कमीपणाचं समजतात. मला उलट तोच रास्त दुवा वाटतो. दादरला बायका सोललेल्या डाळिंब्या विकायला बसतात. त्या भावात निदान अंगठ्याची मजुरी धरलेली असते, घरच्या बिरड्यात ती शून्य असते. त्या भावावर घासाघीस करणारा गृहस्थ सेंद्रिय शेतीवर व्याख्यान देत असला, तर त्याला बसवून अर्धा किलो सोलायला द्यावेत. क्रिकेट बघताबघताही जमतं.

नाहीतर काय होतं, ते दिसतंच आहे. सोलणारं कोणी नसलं की बिरडं सणापुरतं उरतं, गिऱ्हाईक आटतं, आणि कोकणातला शेतकरी भात झोडून झालं की खाचर मोकळं सोडतो. ओल जमिनीत असतेच. पौषात तिथे गुरं फिरतात.