कुलूप कोणाचे, शब्द कोणाचे?

गेल्या पावसाळ्यात आमच्या दादरच्या घरातील जुना संगणक कायमचा बंद पडला. त्याचे वय पाहता शोक करण्याचे कारण नव्हते. काळजी होती ती त्याच्या पोटात जे साठले होते त्याची. १९९७ साली वडिलांनी निवृत्तीच्या पैशांतून तो घेतला आणि सोबत मराठी अक्षरजुळणीचे एक सॉफ्टवेअर रीतसर पावती करून विकत घेतले. दिवसा त्यावर लग्नपत्रिका, मिस्साच्या पुस्तिका आणि मृतांच्या स्मरणपत्रिका जुळविल्या जात. रात्री आमची वसईची आजी लग्नातील गाणी म्हणे आणि वडील ती एकेक ओळ टंकलिखित करीत. आज आजी नाही, वडीलही नाहीत. गाणी मात्र त्या फाइलींत राहिली.

नवा संगणक आम्ही लॅमिंग्टन रोडवरून आणला आणि कपाटातून जुन्या फ्लॉपी, पावती व ‘लॉक’ बाहेर काढले. हे लॉक म्हणजे काड्यापेटीएवढी डबी. ती संगणकाच्या मागे, प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या खाचेत बसविल्यावाचून ते सॉफ्टवेअर चालत नसे. नव्या संगणकाला ती खाच नव्हती आणि फ्लॉपीसाठी जागाही नव्हती. बाहेरून फ्लॉपीयंत्र आणून पाहिले, तो मुंबईच्या दमट हवेने फ्लॉपींना बुरशी धरलेली. विक्रेत्याकडे चौकशी केली तेव्हा उत्तर आले, ‘‘ती आवृत्ती बंद झाली, नवी विकत घ्या.’’ आमच्या हातातील पावतीकडे पाहण्याचीही कोणास गरज वाटली नाही.

दुकानातील तरुण मुलाने सहज तोडगा सुचविला. ‘‘काका, कशाला त्रास करून घेता? त्याची कुलूप तोडलेली कॉपी मिळते. दहा मिनिटांत टाकून देतो. सगळे तेच वापरतात.’’

वाचकहो, त्या क्षणी आम्हाला मोह झाला, हे कबूल केले पाहिजे. ज्याचे पैसे एकदा मोजले, तेच परत घेण्यात चोरी कसली? पण ‘सगळे तेच वापरतात’ हे शब्द कानात राहिले आणि आम्ही रिकाम्या हाताने घरी परतलो.

पूर्वीच्या छापखान्यात हा प्रश्न उद्भवत नसे. जावजी दादाजींच्या निर्णयसागरच्या काळापासून मुंबईत शिशाचे खिळे विकत घेणारा मुद्रक त्यांचा पूर्ण धनी होई. यंत्र बदलले तरी खिळे तेच चालत. झिजले तर वितळवून शिसे उरे. सॉफ्टवेअरचे तसे नाही. खोक्यात घालून विकले जाणारे सॉफ्टवेअर ही एक वस्तूच होय आणि तिच्यावर विक्रीकर लागू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली ठरविले. तरीही घेणाऱ्याच्या पदरी पडतो तो केवळ वापराचा परवाना. दुकानात वस्तू विकत घेतली असे वाटते आणि घरी आल्यावर आपण भाडेकरू ठरतो.

शिवाय मराठीची एक वेगळी अडचण होती. त्या काळी श्री-लिपी, आकृती यांसारख्या प्रत्येक संचाने आपली अक्षरे संगणकातील इंग्रजी अक्षरांच्या जागी आपापल्या क्रमाने बसविली होती. भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली सरकारी मानक आले, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही आली. परंतु सामान्य माणसाच्या टेबलावर ती पोहोचण्यास पुढे बरीच वर्षे लागली. परिणामी एका संचात लिहिलेला मजकूर त्याच्या फाँटवाचून उघडला, तर पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरांचा सडा दिसतो. म्हणजे कुलूप सॉफ्टवेअरला होते, पण आत अडकले होते ते आजीचे शब्द.

तथापि हे कुलूप आले कुठून, हेही प्रामाणिकपणे विचारावयास हवे. मराठीची बाजारपेठ लहान, सॉफ्टवेअर बनविणारे थोडे आणि एका खरेदीवर दहा जणांनी नकला करण्याची आपली सवय मोठी. आमच्या घरीही मराठीचे सॉफ्टवेअर तेवढे विकतचे होते. बाकीचे मित्रांकडून फ्लॉपीवर आणलेले होते आणि त्याबद्दल पापनिवेदन करावे असे आमच्या मनात कधी आले नाही. ती डबी आमच्यासारख्यांच्या अप्रामाणिकपणातूनच जन्मली. विक्रेत्यास दोष देताना आपला वाटा विसरता येत नाही.

सातवी आज्ञा चोरीस मनाई करते. १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथलिक धर्मशिकवणुकीचा ग्रंथ तिचा अर्थ उलगडताना एक महत्त्वाचा शब्द योजतो, तो म्हणजे धन्याची ‘वाजवी’ इच्छा. तिच्याविरुद्ध घेणे ही चोरी होय. संमती गृहीत धरता येत असेल, अथवा नकारच विवेकास सोडून असेल, तर ती चोरी ठरत नाही. आपला कायदाही या विचारापासून फार दूर नाही. रीतसर ताबा असलेल्या माणसाने सॉफ्टवेअर हरवण्या-बिघडण्यापासून संरक्षण म्हणून प्रत काढून ठेवल्यास कॉपीराइट कायदा ते उल्लंघन मानीत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने कुलूप तोडणे हा गुन्हा ठरविला, तोही हक्कभंगाचा हेतू असेल तेव्हा. दोन्हीकडे प्रश्न हेतूपाशी येऊन थांबतो.

मग आमचा हेतू कोणता होता? येथे आम्हाला दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागल्या. आजीची गाणी बाहेर काढणे ही एक आणि त्याच तोडलेल्या सॉफ्टवेअरवर उद्यापासून पुन्हा पत्रिका जुळवून पैसे मिळविणे ही दुसरी. शब्द आमचे होते. ते अडवून ठेवावेत अशी कोणत्याही निर्मात्याची वाजवी इच्छा असू शकत नाही. जो कुलूप विकतो, त्याने किल्लीचीही जबाबदारी घ्यावयास हवी. परंतु त्या सॉफ्टवेअरमागचे श्रम आमचे नव्हते. दुकानातील मुलाची ‘कॉपी’ या दोन गोष्टींत फरक करीत नव्हती आणि ती एकदा घरात आल्यावर आम्ही तरी तो केला असता का, याची आम्हाला खात्री नव्हती.

या विचारात असताना फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण आठवले. देवनागरी खिळे उपलब्ध नसल्याने ते १६१६ साली गोव्यात राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. पुढे १६४९ आणि १६५४ मध्येही ते छापले. पण त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज ज्ञात नाही. भाविकांनी हाताने उतरविलेल्या पोथ्या टिकल्या, त्यांच्या आधारे १९०७ साली मंगळूरची आवृत्ती निघाली आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी ते देवनागरीत आणले. या नकला चोरून केलेल्या नव्हत्या, म्हणून त्यांचा दाखला तोडलेल्या सॉफ्टवेअरला देता येणार नाही. मात्र शब्द टिकतात ते प्रती निघतात म्हणून, एवढे त्यातून निश्चित दिसते.

अखेरीस लालबागच्या एका निवृत्त जुळाऱ्याकडे त्याच सॉफ्टवेअरचा चालू संच सापडला. जुना संगणक, मागे पंचवीस पिनांची खाच आणि तीत त्यांचे स्वतःचे लॉक. आमच्या बंद संगणकातील डिस्क काढून नेली व दोन रविवार बसून सर्व फाइली तेथे उघडल्या. युनिकोडमध्ये आणताना पहिली वेलांटी आणि रफार पुष्कळ ठिकाणी जागा सोडून बसले. ते आईने गाणी मोठ्याने म्हणून सुधारले. मध्येच एका ओळीपाशी ती थांबली आणि थोडा वेळ काही बोलली नाही.

लालबागचा संच मिळाला नसता तर? गाण्यांपुरते आम्ही कुलूप तोडू दिले असते आणि त्यात पाप मानले नसते. दुसऱ्या दिवसाच्या पत्रिकेसाठी मात्र नवा परवाना घ्यावा लागला असता, अथवा कोणतेही मूल्य न घेता मुक्तपणे दिले जाणारे युनिकोडचे फाँट वापरावे लागले असते. आज आम्ही तेच वापरतो.

ती जुनी डबी आणि पावती आम्ही वडिलांच्या जपमाळेशेजारी ठेवली आहे. गाण्यांच्या प्रती नातलगांत वाटल्या; आजीने त्यांस कधी कुलूप लावले नव्हते. आपल्या घरीही कपाटात अशा फ्लॉपी असतील, तर पावसाळ्यापूर्वी एकदा त्या उघडून पाहाव्यात, एवढीच वाचकांस विनंती.