एका पायातले चाळ

गौरी-गणपतीत आमच्या कोकणातल्या खेड तालुक्यात वाडीवाडीत जाखडी नाच रंगतो. मध्ये बसून काका ढोलकी वाजवतात, चुलतभाऊ झांज धरतो, भोवतीच्या फेरात पुतणे आणि भाचे. घुंगरांचे चाळ एकाच पायात बांधलेले, म्हणून त्या पायाचा ठेका अंगणभर घुमतो. शक्ती आणि तुरा अशा दोन बाजू: शक्तीवाल्यांनी सवाल टाकायचा, तुरेवाल्यांनी गाण्यातूनच उत्तर द्यायचं. मुंबईहून रजा काढून आलेली माणसं पहाटेपर्यंत हलत नाहीत.

अशा रात्री मला आयर्लंडमधलं ‘क्लॅनड’ हे एकाच घरातल्यांचं गाणारं पथक आठवतं. १९७० साली डोनेगलमधल्या ग्वीडोर या आयरिशभाषी भागात तीन भावंडं आणि त्यांचे दोन जुळे मामा एकत्र गाऊ लागले. आसपासच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडची जुनी आयरिश गाणी त्यांनी गोळा केली. भोवती इंग्रजीचा रेटा, तरी ती आपल्याच भाषेत गायली. १९८२ मध्ये त्यांचं आयरिश शब्दांचं एक गाणं ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांत पाचवं आलं! मला त्याहून मोलाचे वाटतात ते मामा-भाचे.

गेल्या वर्षी आमचा सर्वांत धाकटा भाचा पहिल्यांदा फेरात उतरला. चाळ त्याच्या पायात सैल होत होते. काकांनी ढोलकी थांबवली, खिशातला रुमाल काढला, पोटरीला गुंडाळला आणि त्यावर चाळ घट्ट बांधले.