सॉसच्या पुड्या

१९९६ साली वांद्र्याला मॅकडोनल्ड्स उघडलं, तेव्हा भायखळ्याहून दादरला गाडी बदलून आम्ही तिथे गेलो होतो. गोमांस मिळत नाही म्हटल्यावर आजीसुद्धा आली. आता तसलंच एक दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी उघडलंय. परवा सहकुटुंब गेलो. ट्रे आपणच उचलायचा, खरकटंही आपणच टाकायचं, आणि पैसे मात्र आधी! इराण्याकडे निदान खाऊन झाल्यावर पोऱ्या ओरडून आकडा सांगायचा.

असो. काउंटरवर सॉसच्या पुड्यांची टोपली उघडी होती. सौ.ने दोन वापरल्या, सहा पर्समध्ये टाकल्या.

"अगं, ही चोरी!"

"फुकट ठेवल्यात की!"

फुकट, पण कुणासाठी? इथे खाणाऱ्यासाठी, की घरी भजी तळणाऱ्यासाठीही? मी बँकेतला कारकून. आमच्याकडे पाच रुपयांचं पेनसुद्धा दोऱ्याने बांधून ठेवतात, त्यामुळे गिऱ्हाइकाच्या सचोटीची परीक्षा कधी झालीच नाही. माझीही नाही म्हणा. कॅश रोज मोजून घेतात.

मी बाणेदारपणे पुड्या परत ठेवायला उठलो. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "बाबा, तुझ्या खिशातलं पेन बँकेचं ना?"

खिसा चाचपला. पेनला इंचभर दोरा लोंबत होता.

पुड्या आमच्या फ्रिजमध्ये आहेत.