नदीच्या पलीकडे काय येणार?

फ्लोरिडातल्या ऑर्लंडो शहराच्या नैर्ऋत्येला असलेली दलदल, गुरांची कुरणं आणि झुडपी रान १९६४ पासून कोणीतरी भराभर विकत घेऊ लागलं. खरेदीखतांवर कोणी कधी न ऐकलेल्या कंपन्यांची नावं होती : रीडी क्रीक रँच, टोमाहॉक प्रॉपर्टीज, लॅटिन-अमेरिकन डेव्हलपमेंट अँड मॅनेजमेंट कॉर्पोरेशन. एकरी सरासरी दोनशे डॉलरपेक्षाही कमी भावानं सुमारे २७,००० एकर जमीन एकाच अज्ञात हातात गेली, आणि गावभर तर्क सुरू झाले. कोणी म्हणे फोर्डचा मोटार कारखाना येतोय, कोणी विमानं बनवणाऱ्या मॅकडॉनेलचं नाव घेई, कोणी हॉवर्ड ह्यूजचं. ऑक्टोबर १९६५ मध्ये ‘ऑर्लंडो सेंटिनेल’च्या पत्रकार एमिली बेव्हर डिस्नेलँडच्या दशकपूर्तीनिमित्त कॅलिफोर्नियात गेल्या होत्या. त्यांनी वॉल्ट डिस्नेंना थेट विचारलं, ती जमीन तुम्हीच घेताय का? डिस्नेंनी कानांवर हात ठेवले. पण तसं करताना मध्य फ्लोरिडाचा पाऊस, तिथलं पर्यटन याबद्दल ते इतकं नेमकं बोलले, की बेव्हर यांना हवं ते कळलं. २४ ऑक्टोबरला सेंटिनेलनं पहिल्या पानावर डिस्नेंचं नाव छापून टाकलं. दुसऱ्याच दिवशी राज्यपाल हेडन बर्न्स यांनी त्याला दुजोरा दिला आणि आसपासच्या जमिनीचे भाव आभाळाला भिडले.

थीम पार्कमध्ये पुढं काय येणार, याची अटकळ बांधण्याचा जो छंद आज अमेरिकेत हजारो लोक मनापासून जोपासतात, त्याचं मूळ मला या गोष्टीत दिसतं. उद्यान उभं राहण्याच्या सहा वर्षं आधी त्याच्याविषयीची अटकळ उभी राहिली होती. गुप्ततेला कारणही सबळ होतं. १९५५ मध्ये उघडलेल्या डिस्नेलँडला जेमतेम १६० एकर जागा मिळाली होती, आणि कुंपणाबाहेर बघता बघता मोटेल आणि दुकानांची दाटी झाली. त्या दाटीवर डिस्नेंचा काहीच ताबा नव्हता. तेच पुन्हा घडू नये म्हणून ही बनावट नावं. फ्लोरिडातल्या त्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या मॅजिक किंगडम या उद्यानातल्या मेन स्ट्रीटवरच्या खिडक्यांवर त्यांतली काही नावं पुढं सन्मानानं रंगवली गेली. कंपनीनं आपलं गुपितही आपल्या कथेत सामावून घेतलं.

आता हे चाहते नेमकं करतात काय, ते पाहण्यासारखं आहे. मनोराज्यं रचणारी रिकामटेकडी मंडळी, असं चित्र आपल्या डोळ्यांसमोर येतं. प्रत्यक्षात त्यांच्यातले सर्वांत जाणकार लोक सांडपाण्याचे आणि पावसाच्या पाण्याचे आराखडे वाचत बसलेले असतात. फ्लोरिडाची ही जमीन मुळात पाणथळ. तिथं मोठं बांधकाम करायचं तर पावसाचं पाणी कुठं जाणार, कोणतं तळं बुजणार, कोणतं नवं खोदणार, याचा हिशेब दक्षिण फ्लोरिडाच्या जलव्यवस्थापन मंडळापुढं ठेवावा लागतो, आणि हे कागद कोणालाही पाहता येतात. नकाशावर इमारतीचं नाव नसतं, पण तिच्या पायाची रेषा असते. त्या रेषेच्या लांबी-रुंदीवरून आत बंदिस्त राइड असेल की खुलं नाट्यगृह, हे अनुभवी डोळा सांगतो. काम सुरू करण्याची सूचना कौंटीच्या दफ्तरात नोंदवावी लागते. तिच्यात कंत्राटदाराचं नाव असतं. हा कंत्राटदार आधी कृत्रिम खडक घडवायचा की रुळांचा पाया घालायचा, हे ज्याला माहीत आहे त्याला पुढचं उमगतं. पेटंटचे अर्ज साधारण अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतात. ट्रेडमार्कचे अर्ज असतात. शिवाय विमानातून किंवा हेलिकॉप्टरमधून काढलेली छायाचित्रं महिन्यामागून महिना शेजारी-शेजारी लावून पाहणारेही आहेत.

युनिव्हर्सलचं एपिक युनिव्हर्स हे उद्यान २२ मे २०२५ रोजी उघडलं. १ ऑगस्ट २०१९ ला त्याची अधिकृत घोषणा झाली, तोवर चाहत्यांनी जागा ओळखली होती आणि आतल्या विभागांविषयीचे बरेचसे अंदाजही बांधले होते. नाव मात्र चुकलं. ट्रेडमार्कच्या अर्जावरून ते ‘फँटॅस्टिक वर्ल्ड्स’ असेल असं बहुतेकांनी धरलं होतं. पुढं कोविडमुळे एप्रिल २०२० मध्ये काम थांबलं आणि मार्च २०२१ मध्ये ते पुन्हा सुरू झालं. त्या मधल्या काळात कंपनीकडून फारसं काही येत नसताना ही माणसं ओसाड पडलेल्या मातीचे फोटो तितक्याच आस्थेनं पाहत होती. मला या चिकाटीचं मनापासून कौतुक वाटतं. सरकारी कागद आवडीनं वाचणारा समाज कुठंही दुर्मीळच.

पण कागद वाचणं म्हणजे तो समजणं असंही नाही. जून २०२४ मध्ये डिस्ने आणि तिथल्या स्थानिक जिल्हा प्रशासनात एक विकास करार झाला. येत्या दहा-वीस वर्षांत १७ अब्ज डॉलरपर्यंत गुंतवणूक आणि पाचव्या मोठ्या उद्यानाला मुभा, असं त्यात होतं. झालं! ‘पाचवं उद्यान येणार’ ही १९९८ पासून अधूनमधून डोकं वर काढणारी वार्ता पुन्हा सगळीकडे पसरली. करारात होती ती कमाल मर्यादा. इतकं बांधायला आमची हरकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. मुभा आणि बेत यांतला हा फरक कळायला कायद्याची पदवी लागत नाही. मन थोडं आवरावं लागतं, आणि नेमकं तेच अवघड जातं.

मन आवरत नाही याचं सर्वांत बोलकं उदाहरण म्हणजे बीस्टली किंगडम. २२ एप्रिल १९९८ रोजी डिस्नेचं फ्लोरिडातलं ॲनिमल किंगडम हे उद्यान उघडलं, तेव्हा तीन तऱ्हांचे प्राणी दाखवण्याची मूळ कल्पना होती : आज असलेले, नामशेष झालेले आणि केवळ कल्पनेतले. पहिल्या दोन प्रकारांना जागा मिळाली. तिसऱ्याचा, म्हणजे ड्रॅगन आणि युनिकॉर्नचा विभाग पैशाअभावी मागं राहिला आणि त्याच्या जागी मिकी-मिनीची साधीशी छावणी उभी राहिली. खुणा मात्र तशाच होत्या. उद्यानाच्या बोधचिन्हात ड्रॅगन होता, वाहनतळाच्या एका भागाचं नाव युनिकॉर्न होतं, बोटीतून जाताना एका गुहेतून आग ओकली जाई. या खुणांच्या भरवशावर लोकांनी तेरा वर्षं वाट पाहिली. सप्टेंबर २०११ मध्ये त्या जागी ‘अवतार’ चित्रपटाचं विश्व येणार असल्याचं जाहीर झालं आणि मे २०१७ मध्ये पँडोरा उघडलं. ते सुंदर आहे, गर्दी खेचणारं आहे. तरीही कधीच न बांधल्या गेलेल्या त्या ड्रॅगनच्या किल्ल्याचे नकाशे लोक अजून काढतात. न पाहिलेल्या जागेची हुरहुर इतकी टिकते, कारण ती जागा त्यांनी स्वतः, मनातल्या मनात का होईना, बांधलेली असते.

इथं मला जे म्हणायचं आहे त्याकडे येतो. अटकळ हा या लोकांसाठी मालकी सांगण्याचा एक मार्ग आहे. ज्या जागी आपण लहानपणी आई-वडिलांचा हात धरून गेलो, पुढं आपल्या मुलांना घेऊन गेलो, ती जागा कायद्यानं कंपनीची असली तरी आठवणींनी आपली असते. गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झालं आणि २०२२ मध्ये बंद पडलं. बोटीनं खाडी ओलांडून शाळेच्या सहलीला तिथं गेलेल्या मुंबईकरांच्या पिढीला त्या बातमीनं चटका बसला, तो एका कंपनीचा धंदा थांबला म्हणून नव्हे. असं नातं असलेल्या माणसाला तिथल्या बदलाविषयी बोलायचं असतं. पण ते ऐकून घेणारी जागाच नाही. भागधारकांची सभा आहे, ग्राहक सर्वेक्षण आहे. ‘ही झाडं तोडू नका’ असं सांगायचं तर कुठं सांगायचं? मग माणूस अंदाज बांधतो. ‘इथं काय येईल’ असं तो म्हणतो, तेव्हा ‘इथं काय यावं’ हेच त्याला सांगायचं असतं.

कंपन्यांना हे पक्कं कळलेलं आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्याच चाहत्यांच्या मेळाव्यात, डी-२३ एक्स्पोमध्ये, डिस्नेच्या उद्यान विभागाचे प्रमुख जॉश डमारो यांनी मॅजिक किंगडममधल्या बिग थंडर माउंटन या राइडच्या पलीकडे काय असू शकेल, असा प्रश्नच व्यासपीठावरून टाकला. ‘कोको’, ‘एन्कँटो’, खलनायकांचं राज्य अशा शक्यता पडद्यावर दाखवल्या. ठरलेलं काहीच नव्हतं. अटकळ बांधायचं काम त्या दिवशी कंपनीनं स्वतःच केलं, आणि त्यानंतर जवळपास दोन वर्षं चाहते ‘बिग थंडरच्या पलीकडे’ या शब्दांवर नकाशे रेखाटत राहिले.

त्या नकाशांपैकी कितीतरींमध्ये एक गोष्ट सारखी होती. बिग थंडरच्या पायथ्याशी वळसा घालून जाणारी नदी, म्हणजे रिव्हर्स ऑफ अमेरिका, तशीच ठेवलेली असायची. मधोमध टॉम सॉयरचं बेट, त्याला फेरी मारणारी वाफेची बोट. ‘पलीकडे’ म्हणजे नदीच्या पलीकडे, असाच अर्थ सगळ्यांनी घेतला. १९७१ पासून वाहणारी नदी हा त्यांच्या लेखी भूगोल होता. ऑगस्ट २०२४ मध्ये खलनायकांचं राज्य आणि ‘कार्स’ चित्रपटावरचा विभाग जाहीर झाला. हा ‘कार्स’चा विभाग पलीकडे नसून नदीच्याच जागेवर येणार, हेही मग स्पष्ट झालं. ६ जुलै २०२५ रोजी ती बोट प्रवाशांना घेऊन शेवटची निघाली.

कंपनीचा हिशेब मला समजतो. ती नदी भरपूर जागा व्यापत होती, आणि बोटीत व बेटावर मिळून जितके लोक दिवसभरात येत त्याहून कितीतरी अधिक एखाद्या राइडवर येतात. रांगा लांबलेल्या, तिकिटं महागलेली, प्रत्येक एकरानं काम केलं पाहिजे. पण जिथं रांगेत उभं राहावं लागत नाही, जिथं उन्हानं दमलेल्या आजोबांना नातवाला समोर ठेवून अर्धा तास बसता येतं, अशी जागा या हिशेबाच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही. मॅजिक किंगडमला नव्या राइडची गरज असेलही. नदीची त्याहून जास्त होती, असं माझं मत आहे.

असं मत नोंदवायची सोय आपल्याकडे शहरांच्या बाबतीत आहे. शहराचा विकास आराखडा तयार होतो, तेव्हा १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यानुसार तो प्रसिद्ध करून हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. मुंबईच्या २०१५ च्या मसुद्यावर हरकतींचा इतका पाऊस पडला, की राज्य सरकारला तो नव्यानं करायला सांगावं लागलं. हा हक्क मोठा आहे. डिस्नेच्या त्या चाहत्यांना असा कोणताही हक्क नाही, आणि तरी ते पाण्याच्या निचऱ्याचा आराखडा ओळ न् ओळ वाचतात. आपल्याला हक्क आहे, आणि आपल्यापैकी किती जणांनी आपल्या प्रभागाचं आराखड्यातलं पान उघडून पाहिलं आहे?

खासगी उद्यानाला नगररचनेचा कायदा लावा, असं मी म्हणणार नाही. पण संवादाची रीत बदलता येईल. आज घोषणा होते ती संकल्पचित्राची : झगमगती संध्याकाळ, हसरी कुटुंबं, मागं किल्ला. त्या चित्राखाली आज काय उभं आहे, ते बघणाऱ्याला कळत नाही. तेवढं शोधण्यासाठी चाहत्यांना सरकारी दफ्तरं धुंडाळावी लागतात.

७ मे २०२५ रोजी अबू धाबीतल्या यास बेटावर डिस्नेचं नवं उद्यान होणार असल्याचं जाहीर झालं. मिराल ही तिथली कंपनी ते बांधणार आणि चालवणार आहे. अमिरातीपासून चार तासांच्या विमानप्रवासाच्या टप्प्यात जगातली एक तृतीयांश लोकसंख्या राहते, असं डिस्नेकडून सांगण्यात आलं. मुंबई त्या टप्प्यात येते. आखाती देशांत नोकरी करणारी मराठी कुटुंबं आहेत, त्यांच्याकडे सुटीत जाणारी भाचरं-पुतणी आहेत. हे उद्यान त्यांचंही होईल. आत कोणते विभाग असतील याची चर्चा सुरू झालीच आहे, आणि यावेळी अंदाज बांधणाऱ्यांत आपलीही मुलं असतील. त्यांना जरूर बांधू द्यावेत. फक्त दोन गोष्टी मागाव्याशा वाटतात. चाहत्यांनी आपला अंदाज सांगताना तो कोणत्या कागदावरून, कोणत्या तारखेच्या नोंदीवरून बांधला, हे सोबत लिहावं; तसा कागद नसेल तर ही माझी इच्छा आहे असं सरळ म्हणावं. आणि उद्यानं चालवणाऱ्यांनी विस्ताराची घोषणा करताना पहिल्याच दिवशी, पहिल्याच चित्रासोबत, त्यासाठी काय काय पाडलं जाणार आहे त्याची यादी द्यावी.