साचा मोडल्यावर

सोलापुरात एका कासाराच्या दुकानी पितळी विठ्ठल हाताळीत असता माझे एक स्नेही, निवृत्त चित्रकला-शिक्षक, सहज म्हणाले, ‘हे कारागिराचे काम; कला पाहायची तर आपल्या भगवान रामपुऱ्यांचा दलाल स्ट्रीटवरचा बैल पाहा!’ बैलाविषयी माझी तक्रार नाही. ज्या गावी संक्रांतीला सिद्धेश्वराचे नंदीध्वज मिरवतात, त्याच गावच्या शिल्पकाराने २००८ साली मुंबईच्या शेअर बाजारास नंदी पुरवावा, हा योगायोग असलाच तर मोठा रसिक म्हटला पाहिजे. (पिंडीऐवजी तो निर्देशांकापुढे उभा आहे, एवढेच.)

स्नेह्यांचा सिद्धांत असा, की कारागीर तेच ते पुन्हा घडवितो आणि कलावंत एकदाच निर्मितो. देव्हाऱ्यातील टाकांपुरते मला ते कबूल आहे. टाक ठशावर पाडतात. परंतु बस्तरमधील कोंडागावचे घडवे मातीच्या गाभ्यावर मेणाचे दोरे गुंडाळतात, त्यावर मातीचे लेप चढवितात, भट्टीत मेण वितळवून त्याच्या जागी पितळ ओततात आणि अखेरीस मूर्ती बाहेर काढण्यासाठी साचा फोडून टाकतात. म्हणजे ज्याला आपण पुनरुक्तीचा धनी ठरवितो, त्याला त्या साच्यातून दुसरी मूर्ती काढणे मुळी शक्यच नाही! उलट रोदँच्या ‘विचारवंता’च्या ब्राँझ प्रती जगभर बसल्या आहेत, आणि त्या ओतल्या ओतशाळेतील कारागिरांनी.

तेव्हा देवमूर्ती ओतणाऱ्या घडवा घराण्यात जन्मून कलादालनांपर्यंत पोचलेले कोंडागावचे जयदेव बघेल यांना, उशिरा का होईना, ‘शिल्पकार’ या हुद्द्यावर बढती मिळाली, असे मी मोठ्या उत्साहाने लिहिणार होतो. पण बढती म्हणताच खालची पायरी मीच मंजूर केली की! मेण तेच, माती तीच, भट्टी तीच. पालटला तो मूर्ती सांगणारा. पूर्वी ती गाव सांगे आणि ती देवगुडीत पूजेस लागे. पुढे ती संग्राहक मागू लागला, आणि त्याला मूर्तीबरोबर कर्त्याचे नावही हवे होते. नाव लाभले हे न्याय्यच झाले. मात्र नावाआधीचे काम हलक्या प्रतीचे, अशी नोंद दप्तरी कोणी केली, हे स्नेह्यांनी मला अद्याप सांगितलेले नाही.

म्युनिकला शिल्पकला शिकून आलेल्या मीरा मुखर्जी पुढे बस्तरला गेल्या आणि घडव्यांपाशी बसून ओतकाम शिकल्या. ‘कलिंगातील अशोक’ त्यांनी त्यानंतर, १९७२ साली उभा केला.